घेऊ नकोस म्हटलं ती लेन्स

२ फेब्रुवारी

चिमटे,

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांनी आलं आणि त्यात काय, तर चार लेन्सची यादी आणि खाली दम. यादी वाचली, दमही वाचला. फक्त लेन्सबद्दल लिहायचं. घरचं एक अक्षर दिसलं तर पुढचं पाकीट न फोडता परत. आणि लेन्स एकदा ठरली की पुन्हा त्रास देणार नाही, असंही वर लिहिलंयस. ठीक आहे. मलाही लांबण लावायची हौस नाही.

काम समजलं. बियाणं जपून ठेवणारी संस्था, बियांचे जवळून फोटो. अठ्ठावीस तारखेला बारा फोटो दाखवायचे, पसंत पडले तर वर्षभराचं काम. कॅमेरा कुणीतरी जुना दिला, तोही बिनलेन्सचा. आणि हातात पंधरा दिवसांच्या मजुरीएवढे पैसे. तेवढ्यात नवी लेन्स येत नाही, नव्या लेन्सचं झाकण येतं. म्हणून जुनी, हाताने फोकस करायची. बरोबर केलंस. बी काय पळून जाणार आहे?

आता तुझ्या चार बाया.

पन्नास मिलिमीटरची, मोठ्या तोंडाची. दुकानदार हिचंच गाणं गाईल. कमी उजेडात माणसं टिपायला ठीक. तुझ्या बिया टेबलावर, दिव्याखाली. जवळून काढायचं तर तोंड बारीकच करावं लागतं, नाहीतर बीचं नाक फोकसमध्ये आणि शेपूट धुक्यात. मग मोठ्या तोंडाचे पैसे कशाला मोजायचे?

एकशे पस्तीसची. लांबचं बघणारी. सोडून दे.

अठ्ठावन्नची. दिसायला बरी, पण ही जात तोंड उघडमीट करणाऱ्या आतल्या पात्यांवर तेल सोडते. आणि जवळ जात नाही, मध्ये रिंगा घालाव्या लागतील.

पंचावन्नची. काच आत खोल बुडालेली आहे, रिंग फिरवली की नळी लांब बाहेर येते असं लिहिलंयस. म्हणजे ती जवळचंच काढायला केलेली आहे.

पण बघितल्याशिवाय सांगता येत नाही. टॉर्च घेऊन जा. मागून उजेड मार, पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. दुधाची साय आल्यासारखं दिसलं तर काचेवर वाफ धरलीय. धुळीचे चार कण असले तर असू देत, फोटोत येत नाहीत. मग पाती अर्धी मिट आणि चमकतात का बघ. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. जड आहे का, कुठे अडकते का, ते लिही. सगळं लिही. दुकानदार घाई करेल, त्याला उभा राहू दे.

दुकानाच्या पत्त्यावर टाकू नकोस, दुकान आता नाही. हे घरचं नाही, पत्त्याचं आहे.

कागद वरून फाडलेला आहे. काही नव्हतं, छापील होतं काहीतरी.

बाबा


२ फेब्रुवारी, दुपार. हे टाकायचं नाही.

टाकायचं नाही तर लिहायचं कशाला, असं तुझी आई म्हणाली असती. पण मघाचं पत्र पेटीत टाकून आलो आणि हात थांबेना.

कागदावर हॉस्पिटलचं नाव होतं. फाडलं.

आईला पोटातलं निघालं. तिने सहा महिने पित्त पित्त म्हणून अंगावर काढलं, आणि मीही पित्तच म्हणत राहिलो, कारण डॉक्टरकडे जाणं म्हणजे नसती उठाठेव असं मला वाटायचं. आता डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, महिना. मी म्हटलं, महिन्याने काय, पुन्हा दाखवायला आणू? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कळलं.

तुला कळवायचं म्हटलं तर ती नको म्हणते. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा चिडली.

"दुखणं दाखवून माफी मागायची नाही," म्हणाली. "तिच्या मनाने आली तर येईल. तू मध्ये नाचू नकोस."

तिकडून तुझी अट, इकडून हिची. आणि दोघींमध्ये मी, ज्याला दुकानातसुद्धा गिऱ्हाइकाशी धड बोलता आलं नाही. बोलणं सगळं तीच करायची. आता तिच्याबद्दल बोलायचं आहे आणि ते माझ्यावर आलंय.

तू चार लेन्स विचारल्यास. चाळीस विचारल्या असत्यास तर बरं झालं असतं.


९ फेब्रुवारी

चिमटे,

पत्र मिळालं. टॉर्च लावून बघितलंस, नीट लिहिलंस. डोळा अजून शाबूत आहे तुझा.

एकशे पस्तीसला कडेने जाळी आहे म्हणतेस, म्हणजे विषय संपला. अठ्ठावन्नची पाती ओली चमकतात. मी म्हणालोच होतो. पन्नासची काच चहासारखी पिवळी. ती काचेचीच खोड असते, जुन्या काही लेन्स पडतात तशा. खिडकीत उन्हात ठेवली तर चार आठवड्यांत पिवळेपणा उतरतो. तुझ्याकडे चार आठवडे नाहीत ते मला माहीत आहे. नुसतं सांगितलं.

पंचावन्नची. काच साफ, पाती कोरडी, रंग उडालेला, कुणीतरी खिळ्याने बाजूला दोन अक्षरं खरवडलेली, रिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत जड. आणि चौघींत सगळ्यांत स्वस्त. ही घेऊ का, म्हणून विचारलंयस.

घेऊ नकोस. जड रिंग म्हणजे आतली नळी मार खाल्लेली असणार. आज फिरते, उद्या अडकेल. स्वस्तात मस्त काही नसतं. आणखी दुकानं बघ. बाजारात जुने कॅमेरे घेऊन बसणारे असतात, त्यांच्याकडे बघ. जे दिसेल ते मला लिही, मी सांगतो. घाई करू नकोस. अजून दिवस आहेत.

लवकर लिही.

बाबा


११ फेब्रुवारी. टाकायचं नाही.

खोटं लिहिलं.

सगळीकडे सारखी जड रिंग म्हणजे आतलं ग्रीस वाळलंय, बाकी काही नाही. एकाच जागी अडकली तर मार. हे तुला बाराव्या वर्षी मीच शिकवलंय. तू विसरली नसशील. तरी विचारलंस, आणि मी नको म्हटल्यावर गप्प राहशील, कारण लेन्सच्या बाबतीत तू माझ्यावर कधी संशय घेतला नाहीस. बाकी सगळ्यात घेतलास, त्यात नाही. तिथेच मी हात घातला.

ती लेन्स तुझ्या कामाला अगदी मापाची आहे. बघितली नाही तरी सांगतो. जड रिंग बियांना उलट चांगली, एकदा लावलेला फोकस हलत नाही.

घे म्हटलं असतं तर पत्रं थांबली असती. तू तसं लिहिलंच होतंस.

मी काय धरून बसलो होतो ते सांगतो. तिसऱ्या, चौथ्या पत्रापर्यंत तुझा सूर जरा सैल होईल. कुठेतरी, आई कशी आहे, एवढं निघेल. तू विचारलंस तर मी सांगितलं असं होत नाही. मग आईची अट मोडत नाही, तुझीही मोडत नाही. मोठा वकीलच लागून गेलो.

काल ती दिवसभर झोपली. औषध झोपेचंच आहे. संध्याकाळी उठली तर मला म्हणाली, दाढी कर, पेशंट तू वाटतोस.


१३ फेब्रुवारी

चिमटे,

पंचावन्नची आजच्या आज घे. मी चुकीचं लिहिलं. रिंग सारखी जड आहे म्हणजे फक्त ग्रीस वाळलंय, नळीला काही झालेलं नाही. काच साफ आहे, पाती कोरडी आहेत, त्याहून जास्त काय पाहिजे. रंग उडाला तर उडू दे, फोटो काय रंगाने निघतो?

स्क्रूच्या माउंटची आहे, आटे फिरवून बसणारी. कॅमेऱ्यावर बसवायला अडॅप्टर लागेल, तो त्याच दुकानदाराकडून घासाघीस करून त्याच पैशांत काढ. पात्यांचं चिन्ह आठ आणि अकराच्या मध्ये ठेव. कॅमेरा हलवायचा नाही, बी खालच्या पुठ्ठ्यासकट पुढे-मागे सरकवायची. बाकी तुला येतं.

पत्र वाचत बसू नकोस. जा.

बाबा


१३ फेब्रुवारी. टाकायचं नाही.

तिला सापडलं.

तुझी दोन्ही पत्रं मी माझ्या चष्म्याच्या घरात दुमडून ठेवली होती. तिने गोळीवरचं बारीक लिहिलेलं वाचायला माझा चष्मा मागवला. मी नळावर होतो, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी काढून दिला. मी आलो तेव्हा दोन्ही कागद तिच्या छातीवर पसरलेले.

रडली नाही. मला वाटलं रडेल. अक्षर बघत होती. म्हणाली, मधली उभी रेघ अजून तशीच वाकडी काढते. मग खालचं वाचलं, वरचं वाचलं, आणि दुकानाच्या काउंटरवर बसायची तशी सरळ झाली. उशी लावायची पण थांबली नाही.

"पंचावन्नची चांगली दिसतेय की. तू काय लिहिलंस?"

मी म्हटलं, नको म्हणून लिहिलं.

"का?"

 पंचेचाळीस वर्षांत या बाईपुढे मला एक खोटं नीट बोलता आलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं. मी खिडकीकडे बघायला लागलो आणि तिला सगळं समजलं.

"माझ्या मरणासाठी तिचं काम बुडवतोस?" म्हणाली. "एकदा तिच्या हातातलं काम काढून घेतलंस, तेवढ्याने पोट भरलं नाही?"

शेजारच्या बाईंनी तोंड फिरवून घेतलं. तिने मला कागद आणायला लावला. सांगत गेली, मी लिहीत गेलो. मघाच्या पत्रातलं 'पत्र वाचत बसू नकोस' तिचंच आहे. घासाघिशीचंही तिचंच. मी शेवटी 'आई' एवढा शब्द लिहायला घेतला तर तिने पेन धरलं. बोटं काडीसारखी झालीत, पण पकड अजून आहे.


१९ फेब्रुवारी. टाकायचं नाही.

तुझं दोन ओळींचं आलं. पंचावन्नची बाराला विकली गेली. तू चौदाला अठ्ठावन्नची घेतलीस, कारण दिवस संपत आले, आणि दुसऱ्या दिवशी पाती चिकटली. आता ती पूर्ण उघडी राहते, मिटतच नाही. पैसे संपले. आणि खाली लिहिलंयस, "तुम्ही म्हणालात म्हणून थांबले होते."

शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

घरी गेलो. दुकान विकलं तेव्हा सगळं दिलं, एक डबा ठेवला होता. त्यात दोन पंचावन्नच्या निघाल्या. एक वरून धडधाकट, आत बुरशीने काच खाल्लेली. दुसरी पडून नळी चेपलेली, काच आरशासारखी. हिची काच तिच्यात घातली की एक लेन्स होते.

हे मला दोन तारखेलाच आठवलं होतं. तुझी यादी वाचतानाच. आठवलं, आणि मी डब्याकडे पाठ केली. हा कागद जाणार नाही म्हणून लिहितो. मला लेन्स द्यायची नव्हती, पत्रं पाहिजे होती.

डबा, पाने, चिमटा, धुतलेला रुमाल घेऊन हॉस्पिटलात आलो. घरी करता आलं असतं, पण तिला एकटी ठेववत नाही आणि माझ्या डोळ्याचा भरवसा नाही. उजव्याला मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं, कडेचं दिसतं. तिची खाट खिडकीजवळ. जेवणाचं चाकाचं टेबल पुढे ओढलं आणि त्यावर मांडलं. नर्स आली, बघून म्हणाली, आजोबा, ऑपरेशनं खालच्या मजल्यावर करतात. तुझी आई म्हणाली, तिथे यांना उभं कोण करतंय. नर्स हसली आणि गेली. पुन्हा आली तेव्हा स्वतःहून टेबलावरचा दिवा वळवून दिला.

नळी उघडली, जुनं ग्रीस पुसलं, आटे एकात एक धरले. हात चांगले चालले. मग मागची काच बसवून रिंग आवळली.

बघायचं कसं, तर कॅमेरा नाही. तुझ्या आईनेच सुचवलं. लेन्स तिच्या चादरीपुढे धरली, चार बोटांवर. खिडकीचं चित्र चादरीवर उतरलं, उलटं, एवढंसं. समोरची पाण्याची टाकी, तारा, खिडकीची चौकट. तिच्या पोटावर. मला नुसता रंग दिसला. मी म्हटलं, झालं.

"मधे छान आहे," म्हणाली. "चौकटीचे कोपरे फरफटलेत. काच उलटी घातलीस."

मी म्हटलं, शक्य नाही.

"फुगीर बाजू कुठे केलीस? बोट फिरव. डोळ्याने नको."

बोट फिरवलं. उलटी होती.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "त्या वेळीही उलटीच होती. दुरुस्तीच्या पावतीवर अक्षर तुझं होतं. मी पाहिलं होतं."

मला वाटायचं हे मला एकट्याला माहीत आहे.


२० फेब्रुवारी

चिमटे,

डब्यात लेन्स आहे. पंचावन्नची. दोनांची एक केलीय, पण सरळ आहे, कोपऱ्यापर्यंत तपासलीय. अडॅप्टर अठ्ठावन्नचाच चालेल, आटे तेच. रिंगमध्ये नवं ग्रीस आहे, पहिले दोन दिवस जरा घट्ट लागेल. लेन्स खाली तोंड करून ठेवायची नाही.

पंचावन्नची तू वेळेवर घेतली असतीस. मी घेऊ दिली नाही. ती चांगली आहे हे नऊ तारखेला मला माहीत होतं. का नको म्हटलं ते तुझ्या अटीत बसत नाही, म्हणून लिहीत नाही. पण चूक नव्हती. मुद्दाम होतं.

आता पुढचं. हेही लेन्सबद्दलच आहे, तेव्हा पाकीट परत करायला तुला कारण नाही.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाची पंच्याऐंशीची लेन्स आठवते? अख्ख्या समारंभाचे फोटो मधे चोख आणि कडेने फरफटलेले आले, आणि तो दुकानात येऊन ओरडायला लागला. पाच गिऱ्हाइकं उभी होती. मी तुझ्याकडे बोट केलं. हिने उघडली होती म्हटलं. तू म्हणालीस, मी ती उघडलीच नाही. मी म्हटलं, हात आहेत की फावडी, उद्यापासून कामाच्या बाकाला शिवायचं नाही. तू काउंटरकडे बघितलंस, आणि काउंटरवरून आवाज आला की बाबा म्हणतात ते ऐक.

ती लेन्स मी उघडली होती. मागची काच मी उलटी घातली होती. तू गेल्यावर महिन्याभरात दुसऱ्या एका लेन्सला तसंच झालं. तेव्हा बाकावर दुसरं कुणी नव्हतंच. तेव्हा मला कळलं. डोळा तेव्हापासून जातोय. पुढे दोन वर्षं मी लेन्स उघडायची सोडून नुसती पुसून देत होतो आणि काउंटरवरून गिऱ्हाइकांना सांगितलं जायचं की बाबा आता नाजूक कामं घेत नाहीत. मग दुकान विकलं.

जवळजवळ सात वर्षं मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. कारण काही नाही. कारण काढलं तर चांगलं सापडेल, पण ते खोटं असेल.

तुझे हात फावडी नव्हते. माझ्या बाकावर बसलेला सगळ्यांत चांगला हात तुझा होता. चिमटी हे नाव उगाच ठेवलं नव्हतं.

फोटो काढ. अठ्ठावीसला वेळ आहे.

बाबा


२१ फेब्रुवारी (कार्ड)

चिमटे, हे कार्ड आहे. कार्ड फोडावं लागत नाही, म्हणून ते न वाचता परत करता येत नाही. तुझा पत्ता लाँड्रीचा, तेव्हा लाँड्रीवाल्या बाईंनी आधी वाचलं असेल. वाचू दे. बाई, तुम्ही वाचत असाल तर इस्त्री ठेवा आणि हे तिला आत्ता नेऊन द्या. माझ्या आयुष्यात मी कुणाला हात जोडले नाहीत, तुम्हाला जोडतो.

तुझी आई जातेय. पोटातलं आहे. डॉक्टर दोन तारखेला महिना म्हणाले, त्यातले वीस दिवस मी लेन्स निवडण्यात घालवले. तिने मला कळवू दिलं नाही, दुखणं दाखवून माफी मागायची नाही म्हणाली. हे मी तिच्या मागे लिहितोय. कालच्या डब्यातली लेन्स तिने तपासली. कोपरे तिने बघितले.

तिला पावती माहीत होती. त्या दिवशी ती माझ्या बाजूने बोलली ते माहीत असून बोलली. ते तिला सात वर्षं खातंय. मला वाटायचं ती मुलीवर रुसलीय.

अठ्ठावीसनंतर ये म्हणायला पाहिजे. म्हणवत नाही. तिला अठ्ठावीस जमेल असं दिसत नाही. फोटो एका दिवसात होतात, तुझ्या हाताने होतात. काढ, तिथे देऊन टाक, आणि गाडीत बस. नाही जमलं फोटोचं तर दोष माझ्यावर घाल, आणखी एक. पण बस.

जागा संपली.


२५ फेब्रुवारी. दारावर लावलेली चिठ्ठी

चिमटे,

रोज दुपारी ही चिठ्ठी नव्याने लिहून लावतो, कारण रोज त्यात काहीतरी बदलतं. आजची ही.

आलीस तर घरात थांबू नकोस. मी हॉस्पिटलात आहे, आईजवळ. सामान खालच्या शिंप्याकडे टाक, त्याला सांगून ठेवलंय. तो बोलायला लागेल, त्याच्याशी बोलू नकोस. बस मिळाली नाही तर चालत ये, पूल ओलांडला की पिवळी इमारत, पंधरा मिनिटं. पुढच्या दाराने गेलीस तर नाव विचारतील, रजिस्टरमध्ये लिहायला लावतील. बाजूच्या दाराने ये, जिथून कपड्यांच्या गाड्या जातात. दुसरा मजला, डावीकडे, खिडकीजवळची खाट.

तुझं काही उत्तर नाही. कार्ड पोचलं असेल तर चोवीसला पोचलं. नाही पोचलं तर ही चिठ्ठी शिंपीच वाचतोय.

तिला सांगितलं मी. कार्ड टाकलं म्हणून. काल सकाळी सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडली, दुपारपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं, आता शेवटचं हेच राहणार, माझ्याशी अबोला. चार वाजता म्हणाली, कार्ड तीन दिवसांत पोचतं ना? मी म्हटलं, पोचतं. मग म्हणाली, गाडी रात्रीची असते की सकाळची? मी म्हटलं, दोन्ही असतात. मग कंगवा मागितला. केस राहिले नाहीत फार, तरी मागितला. नर्सने विंचरून दिले.

शुद्ध येते-जाते. सकाळी दहा ते अकरा जरा बरी असते, तेव्हा ओळखते, बोलते, शेजारच्या बाईंच्या सुनेला नावं ठेवते. मग औषध देतात आणि झोपते ती सगळा दिवस. काल दहाला बरी होती, आज साडेदहाला डोळे उघडले आणि पाच मिनिटांत मिटले. कमी होत चाललंय.

तू आलीस की ती झोपलेली असेल. जवळजवळ नक्कीच झोपलेली असेल. नर्स म्हणेल उठवू नका, मी बाहेर बाकावर असेन तर मीही सवयीने म्हणेन, पडू दे तिला. आमचं कुणाचं ऐकू नकोस. मी इतके दिवस सगळ्यांचं ऐकत बसलो.

उठव तिला.

बाबा